शिक्का नसलेली पावती

मला पोहता येत नाही. तरीही मी आमच्या नौकाविहार मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे, कारण मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. मुलीला शिडाची होडी शिकायची होती म्हणून पुण्याजवळच्या एका धरणावर तिला घेऊन गेलो. तिचा अर्ज भरून मान वर करतो तो मी खजिनदार झालो होतो!

शिडाच्या होडीला काय खर्च, वारा तर फुकट, असे लोक म्हणतात. वारा फुकटच असतो हो. दोर, कप्प्या आणि शिडाचे कापड फुकट नसते. आमचे सभासद अडतीस. पैकी होड्या धुवायला येणार चार, आणि धुतलेल्या होडीत आधी कोण बसणार यावर भांडायला अडतीस. वर्गणीचे तर विचारूच नका. दस्तक नसलेले जहाज धरणारे कान्होजी आंग्रेसुद्धा आमच्या सभासदांची मागील बाकी वसूल करता करता आरमार विकून शेतीला लागले असते.

अशा संस्थेत निदान हिशेब तरी चोख असावा, एवढाच माझा आग्रह. म्हणून आमच्या तांडेलमामांनी बचाव-बोटीच्या इंजिनाचे दोन प्लग आणून वहीच्या फाटक्या कागदावरची पावती पुढे केली, तेव्हा मी ती परत केली.

"मामा, दुकानाचा शिक्का कुठाय?"

"साहेब, इंजिन शिक्क्यावर चालत नाही," मामा म्हणाले आणि प्लग दुकानदाराला परत देऊन आले.

पुढच्या रविवारी मुलांची शर्यत होती. मुलांची होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी आखलेली, जेमतेम 2.3 मीटर लांबीची पेटी. दुपारी वारा चढला आणि पाण्याच्या मधोमध एक पेटी उलटली. शिडावरचा आकडा माझ्या मुलीचा होता.

मामांनी इंजिनाची दोरी एकदा ओढली, दोनदा ओढली. इंजिन खोकले आणि गप्प बसले. मामांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत; वल्ही उचलून निघाले. मी काठावर कॅशबॉक्स छातीशी धरून उभा. आत सगळ्या पावत्या होत्या, तारीखवार, शिक्क्यांसकट.

मामा निम्म्या वाटेवर असतील नसतील, तोच कार्टी होडीच्या मधल्या फळीवर चढली, अंगाचा भार टाकून तिने होडी सरळ केली आणि डब्याने पाणी उपसू लागली. काठावर आल्यावर म्हणाली, "बाबा, पाहिलंत?"

मी पाहिले होते. सगळेच पाहिले होते.

सोमवारी बँकेतून सुटल्यावर मी स्वतः त्या दुकानात गेलो आणि दोनऐवजी चार प्लग घेतले. पावती मागायचे भानच राहिले नाही.

वार्षिक सभेत दोन वर्षांची वर्गणी थकवलेले एक सभासद हिशेबाचा कागद हलवत उभे राहिले. "खजिनदारसाहेब, या चार प्लगच्या पावतीवर दुकानाचा शिक्का कुठाय?"

मागच्या रांगेत मामा बसले होते. ते आयुष्यात पहिल्यांदा सभेत हसले.