खडे किती टाकायचे?

फिश टँक घ्यायला गेलं की दुकानात सगळी चर्चा माशांची आणि फिल्टरची. खड्यांचं काय? तर "टाका दोन-चार पिशव्या!" संपला विषय. पण मला विचाराल तर टँक टिकणार की नाही, हे बरंचसं त्या खड्यांच्या थरावर ठरतं.

आमच्या खामगावच्या घरी टँक ठेवायचं ठरलं ते बाबांसाठी. रिटायर झाल्यापासून दिवसभर टीव्हीपुढे असतात. मी पुण्यात, दोन महिन्यांतून एकदा घरी. म्हणजे हौस माझी आणि मेंटेनन्स बाबांचा! त्यात त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून मासे निवडायच्या आधी खड्यांचा हिशोब केला.

थोडं सायन्स (कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा :) ).

माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. तो माशांना विषारी. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, जे बरंच कमी घातक. ही मंडळी फिल्टरमध्ये राहतात तशी खड्यांवरही राहतात. पण त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो थराच्या वरच्या भागातच नीट पोचतो. म्हणजे थर दुप्पट केला म्हणून सफाई दुप्पट होत नाही.

ऑक्सिजन नसला की काय होतं? आपल्या जिल्ह्यातलं लोणार आठवा. काठच्या काळ्या चिखलापाशी गेलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. टँकमध्ये जाड थर साफ न होता दाबून बसला, तर तळाशी असंच छोटं लोणार तयार होतं. मग एखाद्या दिवशी कोणी ते उकरलं की विषारी वायू थेट माशांच्या पाण्यात!

आता आकडे. आमचा टँक ६० बाय ३० सेंटीमीटर. पुढे ३ आणि मागे ५, म्हणजे सरासरी ४ सेंटीमीटर थर धरला तर साधारण ७ लिटर खडे, वजन ११ किलोच्या आसपास. १० सेंटीमीटर भरले तर तेच २७ किलो! मुळं धरणारी झाडं लावायची असतील तर ६ ते ८ सेंटीमीटर लागतात. आम्ही जावा फर्न घेतलं. ते दगडाला बांधलं तरी जगतं. खडे ३ ते ५ मिलिमीटरचे, कारण फार मोठे घेतले तर फटींतून खाणं खाली जाऊन सडतं.

मी पिशव्या मोजत होतो तेव्हा बाबा म्हणाले, "एवढे गोटे कायले? मासे पोसाचे हायेत का पूल बांधाचा हाये?"

बरोबरच होतं त्यांचं. चार सेंटीमीटरचा थर ते स्टुलावर बसून, नळीने दर आठवड्याला थोडा थोडा साफ करू शकतात. त्याहून जाड थर त्यांच्याच्याने झाला नसता, आणि मी तर तिथे नसतोच.

असो. तुमच्या टँकमध्ये जाड थर असेल तर एकदा नळी थोडी खाली घालून बघा. काळपट, वासाचं पाणी आलं तर घाबरून सगळं एकाच दिवशी उकरू नका. दर आठवड्याला एक कोपरा घ्या, थोडे खडे काढा, थोडं पाणी बदला. मासे हलवावे लागणार नाहीत.