हसण्यासाठी थांबलेला नट

पुण्यात मुठेकाठचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झाले. त्याच्या आत आम्ही गेल्या महिन्यात प्रथमच गेलो. नाटक विनोदी होते. अम्मींना एकच फिकीर, "कुणाची टवाळी करून तर हसवणार नाहीत ना?"

तिसरी घंटा झाली. रंगमंचावर दोन खोल्यांचे घर आणि हलायला तयार नसलेला पाहुणा! अम्मी आधी ओढणीआड हसल्या, मग मोकळ्याने. शेजारच्या अनोळखी आजींनी टाळीसाठी हात पुढे केला.

हशा ओसरेपर्यंत नट पुढचे वाक्य बोलत नाही; टीव्ही असा थांबत नाही. अब्बांच्या इंतकालानंतर दोन वर्षांत अम्मींच्या हसण्यासाठी कोणीतरी थांबले होते. घरातल्या बुजुर्गांना एकदा जरूर न्या.