बिशपची गादी

हुमनाबादच्या माणसाला गादी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गावाला लागूनच माणिकनगर आहे. तेथील माणिकप्रभूंच्या गादीचा मान आणि त्यांचे सकलमत आम्ही लहानपणापासून पाहत-ऐकत आलो. म्हणून आमचे एक वृद्ध मेथडिस्ट शिक्षकमित्र लेकीच्या लग्नाआधी चिंतेने म्हणाले, "व्याही सोलापूरचे. त्यांचा बिशप वेगळा, आमचा वेगळा. त्यांचे पाळक आमच्या चर्चात उभे राहतील ना?" तेव्हा आम्हांस आधी हसूच आले. मागून वाचीत गेलो, तसतसे ते हसू ओसरले.

गोव्याच्या वाचकांना बिशप म्हटले की रोमहून झालेली नेमणूक आठवेल. अँग्लिकनांचे तसे नाही. तथापि आधीच्या बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्यावाचून बिशप नाही, आणि बिशपावाचून पाळकाला दीक्षा नाही, हा त्यांचा कटाक्ष. उलट अहमदनगर-सोलापूरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत मंडळी हीच सर्वाधिकारी. बिशप तेथे नव्हताच. ह्या दोघांना एका छपराखाली आणायचे, तर घोडे अडणार ते ह्याच पदाशी.

दक्षिणेत ही बोलणी १९१९ साली त्रांकेबारला सुरू झाली आणि अठ्ठावीस वर्षे चालली. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप अझरया ह्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पण १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेस चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. तोड अशी निघाली की, बिशपचे पद सर्वांनी स्वीकारावे, मात्र त्या पदाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. आणि जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावू नये. बिशप नसलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले न्यूबिगिन त्याच वर्षी मदुरा-रामनादचे बिशप झाले! आम्हांस ही प्रथम पळवाट वाटली. आता वाटते, अर्थावर अडून बसते तर ती माणसे अजून बोलणीच करीत असती. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा पाळकांवर परस्परांनी हात ठेवण्याची निराळी रीत काढली.

आमचा हमरस्ता ह्या दोन ऐक्यांच्या मधून जातो. पूर्वेस तेलंगणात मेदकचे भव्य देवालय ब्रिटिश मेथडिस्टांनी बांधले. त्यांच्यात बिशप नसे, तरी १९४७ साली त्यांनी तो पत्करला. पश्चिमेस सोलापूरकरांनी १९७० साली पत्करला. आणि मध्ये आमच्या बीदर जिल्ह्यातले मेथडिस्ट अमेरिकन परंपरेचे, म्हणजे ज्यांच्या संस्थेच्या जुन्या नावातच 'एपिस्कोपल', अर्थात बिशपवाली, हा शब्द होता. बिशप नसलेले आत गेले. बिशप असलेले बाहेर राहिले. त्यांच्या संस्थेने उत्तरेच्या ऐक्यातून ऐन १९७० सालीच माघार घेतली.

मराठी बायबलात ह्या पदाला 'अध्यक्ष' असा साधा शब्द आहे. अध्यक्ष म्हटला की पाळकांच्या बदल्या आल्या, मिळकतींची देखरेख आली. गादीच्या मानाहून तिचा व्यापच मोठा.

लग्न हुमनाबादेसच झाले. दोन्ही पाळक शेजारी शेजारी उभे राहिले. एकाने शास्त्रपाठ वाचला, दुसऱ्याने आशीर्वाद दिला. पंगतीत आम्ही मित्राला हळूच विचारले, "बिशपांची परवानगी कशी मिळवलीत?"

"कोणत्या बिशपांची?" ते म्हणाले, आणि वाढप्याला भात आणायला सांगितले.