कथलाचा एक थेंब

वस्तू सहसा मधोमध मोडत नाही, ती सांध्यावर मोडते. बादलीचा पत्रा शाबूत असतो, कडी निखळते. चपलेचा तळ चांगला असतो, अंगठा तुटतो. खुरप्याच्या पात्याला धार असते, पण ते मुठीत डुगडुगू लागते. मग घरातले कुणीतरी म्हणते, “गेलं हे, टाकून द्या.” खरे पाहता त्या वस्तूचा शंभरातला एखादा हिस्साच गेलेला असतो.

आमच्या घरातल्या टॅबचे असेच झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि पुढे वर्ग पडद्यावर भरू लागले. त्या वेळी मी आठवीत होतो, धाकटी बहीण पाचवीत. बाबांकडे बटणांचा साधा फोन. लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन-तुरीची पोती वाहणाऱ्या माझ्या बाबांनी उचल घेतली आणि कुणीतरी वापरून सोडलेला एक टॅब घरी आणला. त्या एका टॅबवर आम्ही दोघांनी शाळा केली. सकाळी मी, दुपारी ती.

पुढे मी कला शाखेला म्हणून नांदेडला मामांकडे आलो. बहीण दहावी होऊन लातुरातच अकरावी विज्ञानाला गेली. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर आहे. दूरदूरची मुले तिथे खोली घेऊन राहतात, शिकवण्या लावतात. त्याच गावात जन्मलेल्या हमालाच्या मुलीला मात्र त्या शिकवणीची फी झेपत नाही. तिचा लातूर पॅटर्न या जुन्या टॅबमध्येच भरतो: फुकट मिळणारे तास, जुन्या प्रश्नपत्रिका, सराव परीक्षा.

एके रात्री बाबांच्या फोनवरून तिचा आवाज आला. “दादा, टॅब चार्ज होईना झालाय. वायर दाबून धरली तरच चालतंय. मी वाचत बसते अन् आई वायर धरून बसती.”

आईला अक्षरओळख नाही. दिवसभर चार घरची भांडी करून आलेली ती बाई रात्री अकरापर्यंत मुलीच्या शेजारी बसायची आणि वायरीचे टोक एका ठरावीक कोनात धरून ठेवायची. डुलकी लागली की बोट ढिले पडे, पडद्यावरची विजेची खूण जाई, की आई दचकून पुन्हा बोट दाबी. शिक्षणात पालकांचा सहभाग कसा असावा यावर आपण वर्गात पुष्कळ ऐकतो. माझ्या आईचा सहभाग हा असा होता.

बाबा टॅब घेऊन एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने तो न उघडताच निकाल दिला, “बोर्ड गेलंय, नवा घ्या.” नवा म्हणजे दहा-बारा हजार. बाबांनी टॅब पुन्हा फडक्यात गुंडाळून घरी आणला.

दिवाळीच्या सुटीत मी नांदेडहून एस. टी.ने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे टाकीत लातूर गाठले. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्याच्या आतल्या बोळात, खाटेएवढ्या जागेत, मोबाइल दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो.

उस्तादांनी टॅबला आधी हात लावलाच नाही. त्यांनी वायर मागितली, ती बाजूला ठेवली आणि स्वतःकडची नवी वायर लावून पाहिली. या जातीच्या खाचेला मायक्रो यूएसबी म्हणतात. तिच्यात पाच बारीक पट्ट्या असतात. ती घडवणाऱ्यांनी एक शहाणपण केले आहे: पकड धरणाऱ्या स्प्रिंगा खाचेत न ठेवता वायरीच्या टोकाला ठेवल्या. झिजायचेच तर महागड्या यंत्राने न झिजता स्वस्तातल्या वायरीने झिजावे! म्हणून पहिला संशय नेहमी वायरीवर घ्यायचा. आमची वायर थोडी दोषी निघाली, पण नव्या वायरीनेही खोड गेली नाही.

मग टॅब बंद करून त्यांनी विजेरीच्या उजेडात खाचेत पाहिले. पिशवीतल्या कापडाचे तंतू आणि धूळ आत ठासून बसली होती. असा मळ साचला की टोक पूर्ण आत जात नाही आणि खाच ढिली झाल्यासारखी वाटते. कित्येक ‘बिघडलेली’ यंत्रे एवढ्यावरच बरी होतात, असे ते म्हणाले. त्यांनी लाकडी दातकोरणीने तो मळ हलकेच काढला. टाचणी किंवा सुई घालायची नाही, कारण आतल्या पट्ट्या वाकतात. मळ निघाला, तरी टोक घातल्यावर खाच आतल्या आत हलतच होती. दुखणे मुळाशी होते.

अशी खाच निदान दहा हजार वेळा घालणे-काढणे सोसावी, असे तिचे मानक आहे. दिवसातून तीनदा धरले तरी नऊ वर्षांहून अधिक. तेव्हा घालण्या-काढण्याने ती सैल झाली नव्हती. आमच्या खोलीत प्लगची जागा एकच, तीही उंच भिंतीवर. वायर सदा ताणलेली आणि टॅब मांडीवर. अशा वेळी वायरीचे टोक तरफेच्या दांड्यासारखे वागते आणि सगळा भार खाचेच्या त्या इवल्या पायांवर येतो. ते पाय बोर्डाला कथलाने जोडलेले असतात. त्या कथलाला तडे गेले होते. बोर्ड ठणठणीत होता.

पाठ उघडल्यावर उस्तादांनी सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. ती सोडवल्याशिवाय आत हत्यार घालणे म्हणजे आगीशी खेळ. शेजारच्या भागांवर उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली. कारखान्यात वापरतात ते शिसेविरहित कथील २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्यांनी त्यात शिसे मिसळलेले थोडे कथील कालवले, ते १८३ अंशांच्या सुमारास पाझरते, त्यामुळे बोर्डाला आच कमी लागते. मग राळेचा लेप लावून गरम हवेने जुनी खाच उचलली, जागा साफ केली आणि नवी खाच बसवली. तीन पाय त्यांनी जोडले आणि तापलेली इस्त्री माझ्या हाती दिली. “शेवटचा पाय तू लाव. आधी जागा तापू दे, मग कथील दाखव. कथील आपणहून पळत जातंय.”

मी तसे केले. राळेचा पांढरा धूर उठला आणि कथलाचा एक थेंब चकाकत त्या पायाभोवती पसरला. वायर लावताच विजेची खूण उमटली. मजुरी झाली तीनशे रुपये. शिसे हाताळले म्हणून त्यांनी मला आधी साबणाने हात धुवायला लावले, मगच चहा दिला.

हे सारे सांगण्याचे खरे कारण पुढेच आहे. माझे आजोबा कल्हईवाले. भाता, कोळसा, नवसागर, कापसाचा बोळा आणि कथलाची कांडी घेऊन ते औसा, निलंगा, उदगीर या भागांतले बाजार फिरत. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते, म्हणून बायका त्यांची वाट पाहत. घराघरांत स्टेनलेस स्टील आले आणि भाता थंडावला. बाबांना तो धंदा मिळालाच नाही, त्यांच्या पाठीवर पोती आली.

आजोबा आता खाटेवरच असतात. संध्याकाळी मी त्यांना दुरुस्तीची हकिकत सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारले, “नवसागर कशाचा घालत्यात?”

मी म्हणालो, “नवसागर नाही आजोबा, राळ घालतात.”

“कशापायी?”

“तापल्यावर धातूवर काळपट थर धरतो. तो राळेनं जातो. मग कथील चिकटतं.”

ते हसले. “मग तेच की रे! भांडं तेवढं बारीक झालं.”

त्या एका वाक्याने मला फार विचार करायला लावले. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. आमच्या घरचा तो रकाना ‘मजुरी’ या तीन अक्षरांत भरतो. ‘घरात शिकलेले कोणी?’ असे विचारले की उत्तर येते, ‘कोणी नाही’. ज्या माणसाला धातू कोणत्या क्षणी कथील स्वीकारतो हे नुसत्या रंगावरून कळत असे, तो या हिशेबात कुठेच बसत नाही. आमच्या पिढीला ‘घराण्यात पहिला शिकलेला’ म्हणतात, आणि त्यात कौतुकच असते. परंतु त्या शब्दांचा एक अर्थ असाही होतो की आमच्या मागे कोरी पाटी होती. ती कोरी नव्हती. तिच्यावरचे अक्षर निराळे होते, एवढेच.

दुरुस्तीला आता मोठ्या दरबारातही मान मिळू लागला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल-टॅबना एकाच तऱ्हेची टाइप-सी खाच सक्तीची केली, उद्देश हा की कचरा कमी व्हावा. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण हक्क कागदावर आला तरी दुरुस्त करणारा हात बोळातच बसलेला असतो, आणि त्या हाताला आपण शिक्षण म्हणत नाही.

माझे गुरुजन रागावणार नाहीत अशी आशा बाळगून एक विचारतो. आपल्याकडे पुस्तके आहेत, बुद्धी आहे, घरी पिढ्यांचे कसब आहे. यांतले काहीच मोडलेले नाही. घर आणि महाविद्यालय यांच्यामधला सांधा तेवढा हलतो आहे. तो ढिला राहिला तर कुणा आईला रात्र-रात्र वायर धरून बसावे लागते. त्याला कथील कुणी लावायचे? मला वाटते, ते आमच्यासारख्यांनाच लावावे लागेल. कारण त्या सांध्याची दोन्ही टोके आम्ही रोज हाताळतो.