आठव्या वचनापर्यंत

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास शुभवर्तमानांच्या छापील प्रतींतून हवी ती वचने धारदार पात्याने कापली आणि कोऱ्या पानांवर डकवून स्वतःपुरते येशूचरित्र तयार केले. चमत्कार गाळले. शेवटी येशूला कबरीत ठेवतात, तोंडाशी मोठी धोंड लोटतात आणि निघून जातात. तिथेच पुस्तक संपते.

मेलेला देह उठत नाही, हे मलाही पटते. पण त्या पात्याखाली आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्यात चमत्कार नव्हता. पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघालेल्या बायका.

*

त्याच १८२० साली कोलकात्यात राममोहन रॉय यांनी येशूचे उपदेश वेगळे काढून छापले. त्यांनीही चमत्कार बाजूला ठेवले, म्हणून श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी त्यांचा वाद जुंपला. पुढे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला. त्याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये त्रैक्य नाकारणाऱ्या युनिटेरियन ख्रिस्ती पंथाच्या मदतीने ऑक्सफर्डला शिकायला गेले. त्रैक्य न मानताही येशूला जवळचा मानण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे, आणि मी तिच्यावरच उभा आहे. पण उपदेश ठेवून मरण गाळले, तर तो माणूस सुभाषितांपुरता उरतो. त्याला का मारले, हा प्रश्नच मग उठत नाही.

*

मार्कच्या सोळाव्या अध्यायाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया, सलोमे. धोंड कोण लोटील, असे त्या वाटेत एकमेकींना विचारतात. उत्तर कोणाकडेच नाही, तरी चालत राहतात. रोमन सत्तेने गुन्हेगार ठरवून खिळलेल्या माणसाच्या देहाला सुगंधी द्रव्ये लावायला जायचे, तेही शिष्य पळून गेल्यावर! माझा ईस्टर इथे सुरू होतो. पुढे कबर रिकामी होती की नाही, यावर तो अवलंबून नाही.

सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन थोर हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या वचनाशीच थांबते: बायका थरथरत पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. दर्शनांचा मजकूर नंतरचा. ही अर्धवट, भ्यालेली अखेर मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटते.

*

पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. येशू कोणाकोणाला दिसला याची यादी त्यात आहे. तिच्यात या बायका नाहीत. येशूला हयातीत न भेटलेला पौल मात्र स्वतःचे नाव त्याच यादीत घालतो.

*

नायसियाची परिषद, इ. स. ३२५. ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा हे तिथे ठरले, आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हेही तिथेच. त्यातले दुसरे मी मानत नाही, पहिले मात्र पाळतो.

*

उदारमतवादी उपासनांत ईस्टर म्हणजे वसंत, असे बरेचदा सांगतात: बर्फ वितळले, कोंब फुटले, जीवन परतले. सुंदर आहे, पण मला ते पुरत नाही. सिडनीत तेव्हा शरद ऋतू असतो, सोलापुरात ऊन भाजून काढत असते. शिवाय कोंब आपोआप फुटतो. त्यासाठी कोणाला मारावे लागत नाही आणि कोणाला जीव मुठीत धरून कबरीकडे जावे लागत नाही. उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, वगळून थेट रविवारी पोचणे ही आम्हा उदारमतवाद्यांची खरी उणीव आहे. चमत्कार न मानणे ही नव्हे.

*

शुक्रवार न वगळता पाहायचा, तर अमेरिकेतला अलाबामा, १९६५. मतदानाच्या हक्कासाठीच्या एका मोर्चानंतर जिमी ली जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली. २६ फेब्रुवारीला तो गेला. त्याच्या मरणातून सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेची कल्पना निघाली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन बॉस्टनहून युनिटेरियन धर्मोपदेशक जेम्स रीब आले. मारहाणीत जखमी होऊन ११ मार्चला वारले. पदयात्रा पोचली त्या रात्री, २५ मार्चला, डेट्रॉइटच्या व्हायोला लिउझो यांना गोळ्या घातल्या. त्याही युनिटेरियन. त्या वर्षीचा ईस्टर १८ एप्रिलला आला आणि मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली.

रीब आणि लिउझो गोरे होते. देश हळहळला तो त्यांच्यासाठी. जॅक्सनसाठी इतका नाही. ईस्टरच्या प्रार्थनेत या तिघांची नावे घ्यायची, तर जॅक्सनचे आधी घ्यावे.