गुडघ्याकडून काय हवंय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण गुडघा! गेल्या वर्षी जिन्याची शेवटची पायरी चुकली, गुडघा पिरगळला आणि एमआरआयमध्ये दोन लिगामेंट तुटलेली निघाली : आतल्या बाजूचं एमसीएल आणि सांध्याच्या मधलं एसीएल.

मुलगा म्हणाला, "बाबा, ऑपरेशन करून टाकू." डॉक्टरांनी मात्र मलाच विचारलं, "सर, या गुडघ्याकडून तुम्हाला काय हवंय?" जन्मभर प्रश्न विचारणारा मी गप्प!

मग त्यांनी समजावलं. एमसीएलला रक्तपुरवठा चांगला, ते बहुधा ब्रेसच्या आधाराने भरून येतं. एसीएल सहसा तसं जुळत नाही. विशीतला कबड्डीपटू असता, तर एमसीएल भरू देऊन नंतर मांडीमागची कंडरा वापरून नवं एसीएल बसवलं असतं.

मी बाजार, वाचनालय आणि जिना मागितला. सहा आठवडे ब्रेस, मग रोज मांडीचे व्यायाम. मागितलं ते सगळं मिळालं. पण झटकन वळलो की गुडघा दगा देतो. नातवाबरोबरचं बॅडमिंटन सुटलं. ते मागायचं तेव्हा सुचलंच नाही.

असो. आता तो खेळतो, मी गुण मोजतो. सवय जुनीच आहे.