सांगली लागत नाही

२०१७ च्या दिवाळीत गावी गेले तेव्हा नाना पडवीत रेडिओ कानाला लावून बसले होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"पोरी, सांगली लागत न्हाय बघ. नुसतं खरखरतंय."

काचबिंदूने नानांची दृष्टी गेली त्याला चार वर्षं झाली होती. टीव्ही त्यांच्या उपयोगाचा नव्हता. पेपर मी आले की वाचून दाखवायची, पण मी कराडला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे सहा दिवस त्यांना जग कळायचं ते रेडिओवरून. आमचं गाव पाटणच्या वर मोरणा खोऱ्यात, तिन्ही अंगांना डोंगर. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे साताऱ्याचं एफएम केंद्र आमच्या घरापर्यंत उतरतच नाही. मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून डोंगर ओलांडतात. म्हणून आमच्याकडे तेव्हा तीनच केंद्रं, आणि तिन्ही मीडियम वेव्हवरची. सांगली १२५१ किलोहर्ट्झ, रत्नागिरी ११४३ आणि पुणे ७९२. लहानपणी सांगलीच्या निवेदकाच्या तोंडून 'दोनशे एकोणचाळीस पूर्णांक आठ दशांश मीटर' इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेत दशांश अपूर्णांक शिकायच्या आधीच तो आकडा मला पाठ होता.

आधी मला वाटलं रेडिओच म्हातारा झाला. कराडच्या एका दुकानात दिला. साडेतीनशे रुपये घेतले, आवाजाचं बटण साफ केलं, सेलच्या पट्ट्या घासल्या आणि दुकानात लावून दाखवला तर झकास वाजला. गावी आणला, पुन्हा खरखर. नवे सेल घातले. एरियलची दांडी पूर्ण ओढून खिडकीबाहेर काढली, तिला वायर बांधून वायर माडीवर नेली. पुण्याचा आवाज थोडा चढला आणि खरखर त्याच्या दुप्पट चढली. नाना काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी मी निघाले तेव्हा रेडिओ कोनाड्यात बंद होता आणि ते भिंतीला टेकून नुसते बसले होते. गाडीत मला ते चित्र सोडेना.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला लाईट गेली. मी कंदील शोधत होते आणि मागून एकदम स्वच्छ आवाज आला. सांगलीवर शेतीचा कार्यक्रम चालला होता, उसाच्या लागणीविषयी कोणी बोलत होतं. खरखर नाहीच. वीसेक मिनिटं आम्ही दोघं अंधारात ऐकत बसलो. लाईट आली आणि त्याच क्षणी कोणी चुलीवरच्या कढईत पाणी ओतावं तसा चर्रर्र आवाज उसळून सांगली बुडाली.

म्हणजे सांगलीत काही कमी झालं नव्हतं. आमच्या घरातच काहीतरी ओरडत होतं.

मी मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खाली केला. आवाज स्वच्छ. मग मेन वर करून सगळे फ्यूज काढले आणि एकेक बसवत गेले. नाना आतून ओरडून सांगत होते, "आता न्हाय... आता न्हाय... आलं बघ!" पडवी आणि नानांची खोली एका फ्यूजवर होती. तिथला बल्ब काढला तशी निम्मी खरखर गेली. उरलेली माझ्या मोबाईलच्या चार्जरची आणि टीव्हीच्या डब्याच्या अडॅप्टरची. टीव्ही बंद असला तरी तो अडॅप्टर दिवसरात्र भिंतीत खोचलेला असायचा.

एलईडी बल्ब आम्ही वर्षापूर्वी घेतले होते, वीज वाचते म्हणून, आणि ती वाचतेच. पण त्या बल्बच्या पोटात एक छोटं सर्किट असतं. ते विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतं आणि जोडतं. प्रत्येक तुटण्याबरोबर बारीकसा उद्रेक होतो आणि तो थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो. चांगल्या बनावटीच्या बल्बात तो आवरायला आणखी दोन-तीन भाग घातलेले असतात, स्वस्तातल्या बल्बात ते गाळतात. आणि घरभर भिंतीतून फिरवलेली वायर त्या उद्रेकाला आयती एरियल मिळते. जुन्या गोळ्याच्या दिव्यात नुसती तापणारी तार होती, तिच्यापासून रेडिओला काही त्रास नव्हता. मी माडीवर नेलेली वायर त्याच भिंतीला लागून गेली होती, म्हणून तिने सांगलीपेक्षा बल्बच जास्त गोळा केला.

सोमवारी मी खिशात मावेल असा एक छोटा रेडिओ घेऊन कराडच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. डायलच्या खालच्या टोकाला, जिथे काही लागत नाही तिथे काटा ठेवला आणि दुकानदाराला म्हटलं, एकेक बल्ब लावून दाखवा. तो आधी गोंधळला, मग त्यालाही रस वाटायला लागला. पाच बनावटींचे बल्ब लावले. तिघांजवळ रेडिओ नेला की वीतभरावरूनच गुरगुरायला लागायचा. एकाजवळ थोडा. एक अगदी शांत होता, बल्बला टेकवला तेव्हा कुठे कुजबुज. त्या शांत बल्बचे मी चार नग घेतले. खोक्यावर यातलं काहीही छापलेलं नसतं, वॅट आणि वॉरंटी एवढंच, त्यामुळे कानाने निवडण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

एवढ्याने दिवसाची सांगली परत आली, पण बारीक. रत्नागिरी त्याहून बारीक. दोन्ही वीस किलोवॉटची केंद्रं, सरळ रेषेत सांगली आमच्यापासून नव्वदेक किलोमीटर आणि रत्नागिरी सत्तरेक, पण रत्नागिरीच्या आणि आमच्या मध्ये अख्खा सह्याद्री. पुणं सव्वाशे किलोमीटरच्या वर असूनही बरं लागायचं, कारण ते शंभर किलोवॉटचं आणि डायलवर खाली. कंप्रता जितकी कमी तितकी जमिनीवरून लहर लांब जाते.

पुढची गोष्ट मला शिकवली ती कराडमधल्याच एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी. त्यांचं दुकान आता दुकान राहिलेलं नाही, घराच्या ओट्यावर एक टेबल आणि वर जुन्या मर्फीचे सांगाडे. त्यांनी नानांच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि बोटाएवढी काळी कांडी दाखवली, तिच्यावर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली.

"ताई, तुमची मीडियम वेव्हची एरियल ही. बाहेरची दांडी एफएमची आणि शॉर्ट वेव्हची. ती कितीही ओढा, सांगलीला तिचा फारसा उपयोग नाही."

ती फेराइटची कांडी लहरीतलं चुंबकीय अंग पकडते, आणि तिला दिशा असते. कांडी केंद्राकडे आडवी धरली तर आवाज भरून येतो. तिचं टोक केंद्राकडे केलं तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो. काकांनी रेडिओ टेबलावर सावकाश फिरवला आणि मी ऐकलं. भरण्याची जागा पसरट असते, बरंच इकडेतिकडे झालं तरी फरक कळत नाही. नाहीशी होण्याची जागा मात्र सुईसारखी नेमकी. म्हणून आधी आवाज बुडतो ती जागा शोधायची आणि तिथून पाव फेरा फिरवायचा. चाळीस वर्षं आमच्या घरात रेडिओ होता, पण तो फिरवायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तो कोनाड्यात बसेल तसा ठेवला. त्या कोनाड्याच्या एका बाजूला लोखंडी कपाट आणि समोर पत्र्याचे डबे. धातूच्या शेजारी कांडीची शक्ती खाली जाते.

कोनाडा सोडला. नानांच्या खाटेशेजारी लाकडी स्टूल ठेवलं, भिंतीपासून दोन हात लांब. आमच्या घरापासून सांगली आग्नेयेला आणि रत्नागिरी नैऋत्येला, मध्ये काटकोनाहून मोठा कोन. स्टुलावर मी दोन पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या, एक सांगलीसाठी, एक रत्नागिरीसाठी. रेडिओची पाठ पट्टीला टेकली की दिशा बरोबर. डायलच्या काचेवर तिन्ही केंद्रांच्या जागी गोंदाचे थेंब टाकून वाळू दिले. नानांचं बोट त्यावरून फिरायचं आणि बरोबर थांबायचं.

मग आम्ही चौकट केली. याही वेळी सांगणारे काकाच. साठ सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, तिच्यावर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दहा वेढे, वेढ्यावेढ्यात थोडं अंतर. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळाली. चोवीस मीटर तार लागली. तारेची दोन टोकं जुन्या रेडिओतून काढलेल्या गँगला जोडायची, पात्यापात्यांचा तो कंडेन्सर, ज्याने केंद्र बदलतं. बस. सेल नाही, रेडिओला वायर जोडायची नाही. चौकटीची कड केंद्राकडे करून ती उभी करायची, शेजारी वीतभरावर रेडिओ, कांडी चौकटीच्या आरपार जाईल अशा दिशेने, आणि गँगची दांडी अगदी सावकाश फिरवायची.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला, म्हणजे मध्यम लहरी सर्वांत अशक्त असतात तेव्हा, रत्नागिरी लावून मी गँग फिरवायला घेतली. काहीच नाही. काहीच नाही. आणि मग एका केसाएवढ्या जागेत ती बारीक आवाजातली बाई एकदम खोलीत येऊन बोलायला लागली. नाना खाटेवर उठून बसले. "आगं, हे कुठनं आलं?" त्यांनी हात पुढे केला, मी त्यांची बोटं गँगच्या दांडीवर ठेवली. त्यांनी फिरवली, आवाज गेला. परत फिरवली, आला. तासभर दुसरं काही केलं नाही आम्ही.

चौकट लहरीतली शक्ती गोळा करून कांडीच्या अंगावर ओतते, आणि ती फक्त एका कंप्रतेला जुळलेली असते. म्हणून केंद्र बदललं की गँगही बदलावी लागते. रेडिओ चौकटीला फार चिकटवला तर दोघांचं जुळणं बिघडतं, थोडा मागे घेतला की बसतं. हे सगळं नाना माझ्याहून लवकर शिकले. डोळे असलेल्या माणसाचं अर्धं लक्ष काट्याकडे असतं.

सगळंच सुटलं नाही. रात्री आठनंतर सांगलीवर लांबची केंद्रं चढतात, कारण दिवसा मध्यम लहरी गिळून टाकणारा आकाशातला थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लांबच्या लहरी वरून परतून येतात. हिवाळ्यात पुण्याच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या नेमक्या सूर्योदयाच्या वेळी सापडायच्या. तेव्हा आकाशातून येणारी लहर आणि जमिनीवरून येणारी लहर एकमेकींत गुंततात, आवाज झुल्यासारखा वरखाली होतो. नाना तेवढा वेळ थांबून राहायचे. "ऊन अंगणात आलं की बसतंय" म्हणायचे, आणि साडेसातला आवाज खरोखर बसायचा. वळवाच्या विजांना तर काहीच उपाय नाही.

पुढच्या वर्षी भाताच्या दिवसांत एका पहाटे त्यांचा फोन आला. रेडिओत टकटक येतेय म्हणाले, घड्याळासारखी, सेकंदाला एक. मी म्हटलं घरातला फ्यूज काढून बघा. काढला होता, तरी येत होती. रेडिओ फिरवून बघितला होता, कांडीचं टोक खालच्या वाटेकडे केलं की टकटक मरते म्हणाले, आणि मागच्या दाराच्या पायरीवर नेलं की वाढते.

"खालच्या रानात शेजारच्यांनी डुकरासाठी झटका मशीन बसवलंय न्हवं? तिची तार कुठंतरी ठिणगी खातीया. जा म्हणावं, बघा."

शेजारचा मुलगा काठी घेऊन गेला. ओढ्याच्या बाजूला एका खांबावरची चिनी मातीची गुंडी फुटली होती आणि पावसाने वाढलेला वेल तारेला टेकून काळा पडला होता. त्याने वेल कापला, गुंडी बदलली. तो परत येईपर्यंत नाना ओट्यावर रेडिओ घेऊन उभे होते. तो काही बोलायच्या आधीच त्यांनी हाक मारून सांगितलं, थांबली.